नमुन्याचा डोळा

थोरला भाऊ दारात दिसला, तेव्हा तपासनिसाने त्याला बोलूच दिलं नाही. ड्यूटीआधी ड्रायव्हरांची झोप तपासायच्या यंत्रासमोरचं स्टूल पायाने पुढे सरकवलं. बस डेपोत भाऊ म्हणून कुणाला सवलत नाही, हे बाहेरच्या चार ड्रायव्हरांना दिसलेलं बरं.

भाऊ बसला. काळ्या नळीला डोळा लावला.

दहा मिनिटं नळीतल्या अंधारात बघायचं. झोप झालेल्या माणसाची बाहुली मोठी आणि निश्चल राहते. पेंगुळलेल्याची आकसते, झुलते. यंत्राला आई ना बाप. झोप झालेला माणूस कसा असतो ते त्याला रोज सकाळी दाखवावं लागे, आणि तो नमुना म्हणजे तपासनिसाचाच डोळा. बाहुली अशी ठाम, की भिंतीवरच्या फोटोतल्या साहेबाने आधी पापणी लववावी. ती तशी राहावी म्हणून तो रात्री नऊला फोन बंद करून ढाराढूर झोपे; फोन उघडे तो सकाळच्या तपासण्या उरकल्यावर. आजारी आईच्या उशाशी त्यामुळे थोरलाच. ‘माझी नोकरीच झोपेची,’ असं धाकटा सगळ्यांना हसत सांगे. आईलाही त्याने तेच सांगितलं होतं.

कागदावर भावाची रेषा उतरू लागली. दारू प्यालेल्या गांडुळासारखी.

तपासनिसाने तोंड सोडलं. ही तिसरी खेप, आता हातातलं स्टिअरिंग जाणार, आईजवळ रात्रीची नर्स ठेव म्हणून किती वेळा सांगितलं. भाऊ नळीपासून हलला नाही. मग रेषा मध्येच तुटली. उमटली, पुन्हा तुटली.

"दादा, डोळा मिटू नकोस."

"मिटला नाही रे, छोट्या."

तपासनीस वाकला. नळीच्या कडेवरून पाणी गालावर ओघळत होतं.

"मी ड्यूटीवर नाही आलो आज," भाऊ डोळा न काढताच म्हणाला. "तुझा फोन लागेना. सहाला गेली आई. रात्रभर एकच धोशा, छोट्याला उठवू नका, त्याची झोपेची नोकरी आहे."

दहा मिनिटं भरली. यंत्राने रोजच्यासारख्या दोन्ही रेषा शेजारी शेजारी छापून कागद बाहेर सोडला. नमुन्याच्या रेषेखाली वेळ होती, सकाळचे सहा. रेषा पट्टीने आखल्यासारखी सरळ होती. कुठेही हलली नव्हती.