बोळातलं चेंबर

जोतीराम प्लंबरनं चेंबरमधून तार ओढली आणि तिच्या टोकाला अडकून आलेलं बघून सीताबाईंनी नाकाला पदर लावला. पाठोपाठ आणखी निघाले. पाण्यानं फुगून उशीएवढे झालेले पॅड. जोतीरामनं ते बोळाच्या कडेला ढकलले आणि मान वर न करता म्हणाला, "हे पाण्यात इरघळत न्हाई ओ मावशी. कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायचं असतंय. सगळी लाइन जाम झालीया."

सीताबाईंनी थेट खालच्या खोलीच्या दाराकडं बघितलं. दारात सबिना उभी होती. त्यांची भाडेकरू. एकटी राहायची, शाळेत शिकवायची. सकाळी तिच्या न्हाणीत घाण पाणी वर आलं होतं आणि तक्रार घेऊन तीच वर गेली होती.

"वर तोंड करून सांगायला आलतीस की!" सीताबाईंचा आवाज शेजारच्या तालमीपर्यंत गेला असेल. "आमच्यात हाय कोण? माझं कवाच बंद झालंय, आणि सून पोटुशी हाय."

"काकू, माझे न्हाईत ते."

"मग काय आभाळातनं पडले? एवढा महिना ऱ्हा आणि खोली मोकळी कर."

"मला खोली कुठं मिळती का, काकू? तुमास्नी ठावं हाय की." सबिना म्हणाली.

पायरीवर उभ्या असलेल्या सुनेनं, आदितीनं, कठडा घट्ट धरला.

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले होते. तेव्हापासून सीताबाई वेगळ्याच झाल्या होत्या. एरवी सुनेला धड नावानं हाक न मारणारी बाई 'पोरी' म्हणायला लागली. केसांना तेल लावून द्यायची. पाण्याची बादली उचलू द्यायची नाही. आणि मग एका दुपारी सगळं संपलं. घरात तिचा नवरा अनेकांत तेवढा होता. बायकोजवळ बसून तो लहान पोरासारखा रडला. डोळे पुसून झाल्यावर म्हणाला, "आईला आत्ता नको सांगायला. खचंल ती. परत दिवस जातील की तुला."

दवाखान्याचंही त्यानं पुढं ढकललं. डॉक्टरीणबाई आईच्या ओळखीच्या होत्या. रक्त थांबंल आपोआप, म्हणाला. पॅड तोच आणायचा. पेठेतल्या मेडिकलमधून नाही, पार राजारामपुरीतून, शर्टाच्या आत लपवून. वापरलेले कुठं टाकायचे तेही त्यानंच सांगितलं. घंटागाडी यायच्या आत सीताबाई ओला-सुका कचरा स्वतःच्या हातानं वेगळा करायच्या. "डब्यात नको, आई बघती. संडासात टाक आणि वरनं बादलीभर पाणी सोड."

आदितीला ती माया वाटली होती. नवरा आपल्याला पाठीशी घालतोय, एवढं किती जणींच्या नशिबात असतं, असं तिला वाटायचं.

रक्त थांबलं नाही. चेहरा पांढरा पडला, जिना चढताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. सीताबाई म्हणायच्या, "पहिल्या खेपंला असंच असतंय," आणि तूप-खजुराची वाटी पुढं सरकवायच्या. आदिती ती खायची. खाताना सासूकडं बघायची नाही.

आत्ता अनेकांत जोतीरामच्या शेजारी पाण्याची नळी धरून उभा होता. आदितीनं त्याच्याकडं बघितलं. तो नळीच्या तोंडाकडं बघत होता.

"आई, सबिनाला काय बोलू नका," आदिती म्हणाली. "ते माझे हायेत."

"काय बरळतीस?"

"पोट पडलं माझं. लई दिवस झाले."

नाकावरचा पदर सीताबाईंच्या हातातून सुटला. त्या दोन पायऱ्या वर आल्या आणि आदितीला वाटलं, आता या आपल्याला जवळ घेतील.

"म्हणजे इतके दिवस तू तसलीच सैपाकाला शिवत हुतीस?" सीताबाई म्हणाल्या. "देवाजवळ दिवा लावत हुतीस?"

सबिना मात्र कडेला पडलेल्या ढिगाकडं बघत होती. मघाशी सगळ्यांनी बघितला होता तोच ढीग. ती हळूच पायरीशी आली.

"वैनी, हे एका पाळीचं न्हाई. अजून जातंय?"

आदितीनं मान डोलावली आणि आहे तिथंच खाली बसली.

सबिनानं कुणाला काही विचारलं नाही. आत जाऊन गाडीची किल्ली आणली, दाराला कडी घातली. आदितीला काखेत हात घालून उठवलं, बोळाच्या तोंडाशी लावलेल्या मोपेडवर मागं बसवलं आणि तिचे दोन्ही हात आपल्या कमरेभोवती ओढून घेतले. "घट्ट धरा. डोळं मिटू नका."

आदितीनं वळून मागं बघितलं. अनेकांतनं नळी खाली टाकली होती. तो पुढं येईल, मी नेतो म्हणेल, निदान चप्पल तरी घालेल, म्हणून तिनं वाट बघितली. सबिनाही थांबली.

पण सीताबाई त्याच्या वाटेत उभ्या राहिल्या होत्या. "अनेकांत, तुला ठावं हुतं हे?"

त्यानं एकदा बायकोकडं बघितलं आणि मग आईकडं.

"मला तरी कुठं काय बोलली ती, आई."