तोफेची माघार

तिसऱ्यांदा ती टेबलाला हात टेकून उठली, खुर्ची करकरली, आणि समोरच्या गतविजेतीने पंचांना बोलावलं. ही सारखी उठते, माझं लक्ष उडतं, अशी तिची तक्रार होती. पंच अवघडले. हिच्या पोटाकडे न बघताच त्यांनी हिला बसून खेळायला सांगितलं.

आठवा महिना होता. आणि बुद्धिबळाच्या स्पर्धेतला हा शेवटचा डाव. बरोबरी झाली तर अजिंक्यपद गतविजेतीकडेच राहणार होतं. हिला जिंकायलाच हवं होतं. यंदा विश्रांती घ्या, अजिंक्यपद कुठे पळून जातंय, असं मंडळाच्या चिटणीसांनी आधीच सुचवलं होतं. पण बाळंतपणानंतर पटावर परतलेली बाई त्यांनी तरी कुठे पाहिली होती? सासूबाईंनी मात्र बजावलं होतं, हरलीस तरी चालेल, अर्ध्यावर उठून येऊ नकोस.

नवरा प्रेक्षकांत बसला होता. तो घड्याळं दुरुस्त करायचा. बुद्धिबळातलं त्याला एवढंच कळायचं, की आपली बायको मागे हटत नाही. सगळे तिला तोफ म्हणायचे. आज तोफेने एकेक मोहरा मागे घेतला. घोडा मागे, हत्ती मागे, वजीरसुद्धा घरात.

"पोटात बाळ आलं की भीतीही येते," मागून कुणीतरी कुजबुजलं. नवऱ्याने मान खाली घातली.

गतविजेतीला चेव चढला. तिने प्यादी रेटली, घोडे आणले, आणि वजीर थेट हिच्या कोपऱ्यात घुसवला. हिने एक प्यादं एकच घर सरकवलं. वजिराची परतीची वाट बंद झाली. गतविजेती कपाळाला हात लावून बराच वेळ बसली. मग तिने आपला राजा आडवा केला.

अख्खा हॉल टाळ्या वाजवत उभा राहिला. नवरा खुर्च्या ओलांडत पुढे धावला, पण वार्ताहरांनी तिला आधीच घेरलं होतं. जन्मभर चढाई करणाऱ्या तोफेत एवढा संयम आला कुठून, असं एकाने विचारलं.

तिने खुर्ची मागे ढकलली, सावकाश उठली आणि हसली.

"कसला संयम? बसल्या जागेवरून तिच्या घरांपर्यंत हातच पोचत नव्हता. म्हटलं, तीच येऊ दे इकडे."