चांगलं कापड

“टाके छान भरलेत. आता पाळी येणार नाही, दिवस जाणार नाहीत. बाकी तुम्ही ठणठणीत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“आणि अंडाशयं?” ताईने विचारलं.

सोबत आलेल्या धाकट्या बहिणीने खिडकीबाहेर पाहिलं. पुन्हा तेच! गाठी आणि रक्तस्रावाने ताई अर्धी झाली होती. पस्तिशीही गाठली नव्हती. गर्भपिशवी काढायचं ठरलं तेव्हा या बयेने दवाखाना डोक्यावर घेतला.

“खराब तेवढंच काढा. अंडाशयं नीट असतील तर हात लावायचा नाही. मी शिंपीण आहे, चांगलं कापड फेकत नाही.”

घरात सगळ्यांनी तिची खिल्ली उडवली. अंडाशयं काढली की ऐन तारुण्यात अंगातून वाफा निघतात, हाडं ठिसूळ होतात, हे खरंच होतं. “बाईसाहेबांना म्हातारं व्हायचं नाहीये!” भावजी म्हणाले. ताई नुसती हसली. तिसऱ्या आठवड्यात ती दुकानात जाऊन बसली. ‘कापड तुमचं, शिलाई माझी’ ही पाटी तिने स्वतः पुसून लख्ख केली.

धाकटीला मात्र हसू आलं नव्हतं. तिच्या लग्नाला सात वर्षं झाली होती. तिची पिशवी धडधाकट होती, पण स्त्रीबीजं तिशीतच संपली होती. दुसऱ्या बाईची घ्यावी लागतील, असं तिला सांगितलं होतं. परक्या बाईचं बीज घ्यायला तिचं मन धजेना. हे तिने एकट्या ताईला सांगितलं होतं, मशीनशेजारी बसून. ताईने सगळं ऐकून घेतलं. शिवण काही थांबवली नाही, एक शब्दही बोलली नाही. ते धाकटीला फार लागलं होतं. आणि आता हिला दोन मुलं, वर पिशवीही गेलेली. मग अंडाशयांचं काय लोणचं घालायचंय?

डॉक्टरीणबाईंनी तपासणीचा कागद पाहिला. “उत्तम आहेत. बीजं अजून तयार होताहेत. पण तुम्हाला आता त्यांचा काय उपयोग?”

“मला नाहीच,” ताई म्हणाली. तिने धाकटीला दंडाला धरून आपल्या खुर्चीवर बसवलं. तिच्याकडे आपादमस्तक पाहिलं, माप घेण्याआधी गिऱ्हाइकाकडे पाहायची तसं. धाकटीने डोळे पुसले. ही बाई त्या दिवशी गप्प का राहिली, ते तिला आत्ता कळत होतं.

“रडतेस काय, वेडाबाई?” ताई म्हणाली. “कापड माझं, शिलाई तुझी.”