थेंबसुद्धा नाही

गाडीखालून बाबांचे फक्त पाय दिसत होते, आणि त्या पायांवर भाजीच्या पिशव्या चढवून वर रबरबँड लावले होते.

“एक थेंब सांडला तर नाव बदलेन,” गाडीखालून आवाज आला.

“नावाचं राहू द्या. घरात येताना पिशव्या काढा म्हणजे झालं,” आई पायरीवरून म्हणाली आणि तिने पायपुसण्याकडे पाहिलं.

मागच्या वेळी बाबांनी घरच्या घरी गाडीचं तेल बदललं, तेव्हा ते तसेच मोरीपर्यंत चालत गेले होते. बाकीचे ठसे घासून निघाले, उंबऱ्याजवळचा एक मात्र काही केल्या गेला नाही. त्यावर पायपुसणं घातलेलं असे. पाहुणे आले की आई ते उचलून दाखवायची, “हे आमच्या ह्यांचं पाऊल.” पाहुणे हसत. बाबाही हसत, पण जरा उशिरा.

म्हणून आज फरशीवर जुनी चादर, चादरीवर वर्तमानपत्रं आणि त्यांवर घमेलं, असा सगळा थाट होता. शिवाय आज लेक पहिल्यांदाच एकटीने गाडी घेऊन घाट उतरणार होती, नव्या नोकरीच्या गावी. बाबांना शेजारी बसवूनच ती गाडी शिकली होती. सुरुवातीला वळण आलं की ती डोळे मिटायची. अलीकडे फक्त बाबा मिटत.

बूच सुटलं. तेल घमेल्यात पडलं. बूच परत बसलं. मग बाबांनी नरसाळ्याच्या टोकाला चिंधी गुंडाळून वरून इंजिनात नवं तेल ओतलं, घमेलं बाजूला सरकवलं आणि चादर घडी करून आईच्या हातात दिली. आईने ती उलटसुलट पाहिली, उजेडात धरली, वाससुद्धा घेतला.

“कमाल आहे,” ती म्हणाली. हा शब्द तिने आजवर फक्त नव्या मिक्सरबद्दल वापरला होता.

बाबांनी पिशव्या दोन बोटांनी काढल्या आणि अनवाणीच, थोड्या ऐटीत, तेलाची पातळी बघायला गेले. इंजिनात बुडवून तेल मोजायच्या पट्टीवर दोन खुणा असतात. तेल त्यांच्या मधे हवं. ते वरच्या खुणेच्याही कितीतरी वर चढलं होतं. त्यांनी पट्टी पुसून पुन्हा बुडवली. पुन्हा तेच.

मग त्यांनी घमेल्यात पाहिलं. इंजिनातून निघालेलं तेल काळंकुट्ट असतं. हे मधासारखं होतं.

सांडू नये या नादात बाबांनी इंजिनाचं बूच राहू दिलं होतं आणि शेजारचं, गिअरबॉक्सचं, उघडलं होतं. म्हणजे इंजिनात जुन्यावर नवं, दुप्पट तेल. आणि गिअरबॉक्स कोरडाठाक. ही गाडी घाटात गेली असती तर मधेच खडखडाट करून बसली असती.

लेक बॅग घेऊन बाहेर आली. “झालं, बाबा? निघू?”

“थेंबसुद्धा नाही सांडला,” आई म्हणाली. “तुझ्या बाबांनी आज नाव काढलं हो!”

बाबांनी बॉनेट खाली लावलं आणि तोंड उघडलं. ‘चुकलं’ हा शब्द जिभेपर्यंत आला, आईच्या हातातली ती कोरी चादर बघून माघारी फिरला. त्याच्याऐवजी दुसरंच बाहेर पडलं.

“आज गाडी नको नेऊस. तुला… तुला अजून घाट जमत नाही.”

“पण काल तर तुम्हीच म्हणालात ना—”

“काल मी शेजारी होतो.”

लेकीने हातातल्या किल्लीकडे पाहिलं. वाद घातला असता तर बाबांना बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, “तुम्ही म्हणताय म्हणजे असेल.” किल्ली तिने बॉनेटवर ठेवली, ओरखडा उठू नये अशी अलगद. मग बॅग खांद्याला लावून ती फाटकाबाहेर पडली, बसथांब्याच्या दिशेने.

बाबा फडकं घेऊन स्वच्छ बॉनेट पुसू लागले.

आई घमेल्याशी वाकली. इंजिनातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण सगळा जन्म कढईपुढे गेला होता.

“अहो, वापरून झालेलं तेल असं दिसतं होय?”

बाबा पुसतच राहिले.

“कुठलं काढलंत हे?”

“शेजारचं.”

“आणि पोरीला म्हणालात, तिला जमत नाही.”

बाबांचा हात थांबला. आई चादरीची आणखी एक घडी घालत उभी होती, आणि त्या चादरीवर, कितीही शोधलं तरी, एक डाग नव्हता.

ते एकदम वळले. घमेलं वाटेत होतं. वळसा घालता आला असता. पाय घमेल्यात पडला, घमेलं कलंडलं, तेल फरशीभर झालं, आणि बाबा घसरत, सावरत, कठडा धरत फाटकाबाहेर पळाले.

“अगं थांब! घाट तुला येतो!” अख्ख्या गल्लीने ऐकलं. “मलाच बूच ओळखता येत नाही!”

समोरच्या गच्चीवर कोणीतरी खो खो हसलं.

आई आतून फडकं घेऊन आली. गाडीपासून फाटकापर्यंत आणि पुढे रस्त्यावर मधाच्या रंगाची पावलं उमटली होती. काही घसरलेली, पण सगळी एकाच दिशेची. तिने ती शेवटपर्यंत पाहिली. मग फडकं तसंच, कोरडं, कठड्यावर वाळत टाकलं.