खडी की काँक्रीट

पाइप बदलण्यासाठी फाटकापासून गॅरेजपर्यंतची वाट उखडली होती. ती नव्याने करायची तर बायको रोनाला विचारायलाच हवं, म्हणून इव्हान आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात तीन नमुने घेऊन इन्व्हरकार्गिलच्या वृद्धाश्रमात आला.

रोनाने काँक्रीटचा तुकडा बाजूला सारला, लाल वीटही नको म्हणाली आणि मूठभर खडी हातात घेऊन बसली.

"खडीच टाका."

"अगं, काठी घेऊन चालायला काँक्रीट बरं पडेल."

"असू दे. आमचे हे लोकरीच्या गोदामातून कधीही येतात. खडी वाजली की मला कळतं, मी लगेच चहाचं आधण ठेवते."

इव्हानने वीट आणि काँक्रीटचा तुकडा परत डब्यात ठेवला. गोदामातून निवृत्त होऊन त्याला बावीस वर्षं झाली होती. मागच्या रविवारपर्यंत तरी ती त्याला नावाने हाक मारत होती.

"आणि वाफ्यांत काय लावायचं म्हणता?" त्याने विचारलं.

"एका कडेला लव्हेंडर, दुसरीकडे डॅफोडिल. पण जरा आत लावा हं. गाडीतून उतरताना हे खाली बघतच नाहीत, सगळं तुडवतात!" ती खुदकन हसली.

त्याने सगळं कागदावर लिहून घेतलं. रोनाला त्याचं कौतुक वाटलं.

"भले आहात हो मिस्त्री. एवढं कोण ऐकून घेतं? तुमच्या घरी कोण कोण असतं?"

इव्हानने डब्याचं झाकण लावलं.

"आम्ही दोघंच," तो म्हणाला.