पिवळ्या आऱ्यांची बग्गी

विलायतेला परतणाऱ्या साहेबाची घडी होणाऱ्या चामडी टपाची बग्गी अँब्रोजने विकत घेतली. ठाण्यात तिच्याइतकी वेगवान गाडी नव्हती. रोज तो आसाला वंगण घाली. पंधरवड्यातच चाकाची लोखंडी धाव सैल झाली, म्हणून त्याने गाडी नौपाड्यात धाकू लोहाराकडे नेली. पिवळे आरे पाहताच धाकूचा हात थांबला. "हीच ती. दोन वर्सांमागं माजिवड्याला माझी पोर हिच्याखाली गेली. साहेब थांबलापन नाय." "मी दुसरीकडे नेतो," अँब्रोज कसाबसा म्हणाला. धाकूने चाक उतरवलं. धाव तापवून त्याने ती चाकावर नीट बसवली. मग हात पुसत म्हणाला, "शेट, बायको आत्ताच बाजारातनं आली. पुढच्या दारात बसलीय. गाडी मागनं न्या." मागे भातखाचरं होती. कुंपणावरून दिसू नये म्हणून अँब्रोजने टप खाली पाडला आणि लगाम धरून चिखलात उतरला.