गुरुजींचं पथ्य

"पयले तू," वजनकाट्याकडे बोट दाखवत दौलतगुरुजी म्हणाले.

"काऊन? आजारी तुमी का मी?"

"एकट्यानं वजन कराले मले कसंतरी वाटते."

भागीरथा हसत काट्यावर चढली. चार वर्षं रोज सकाळी हाच तंटा. आधी तिचं वजन, मग त्यांचं, आणि दोन्ही आकडे कॅलेंडरवर. एकाएकी किलो-दोन किलो वाढलं तर अंगात पाणी साठलं समजायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

चार वर्षांपूर्वी दोघं जोडीनं तपासायला आदिलाबादला गेले होते. परतताना बसच्या खिडकीबाहेर बघत गुरुजी म्हणाले होते, "माह्यं हृदय कमजोर झालं म्हणते डॉक्टर. तुले नुसतं बीपी हाय."

भागीरथाचं तेलुगू बाजारापुरतं आणि वाचन मराठी चौथीपर्यंतचं. डॉक्टरांचं बोलणं तिला कळलं नव्हतं, कागद तर इंग्रजीतच होता. पण त्या दिवशी तिनं कंबर कसली. ही बाई स्वतःसाठी कधी डोकेदुखीची गोळीसुद्धा घ्यायची नाही. नवऱ्याचं नाव निघालं की मात्र वाघीण! लोणचं, पापड घराबाहेर गेले. ठेचा म्हणजे गुरुजींचा जीव की प्राण, तोही बंद झाला. दोघांच्या घरात दोन भाज्या कशाला, म्हणून तीही तेच अळणी वरण खाऊ लागली. पाणी दोघांनाही मोजून. गोळ्यांच्या वेळी गुरुजींचा हट्ट ठरलेला, "तू घेशीन तं मी घेईन."

दर तीन महिन्यांनी दवाखान्यात गुरुजी आधी एकटेच आत जाऊन येत, मग डॉक्टर तिलाही तपासत. जोडीदारालाही पाहायची इथं रीतच आहे, असं गुरुजी सांगत.

पहिल्या वर्षी दोघं फिरायला निघाले की गुरुजी फाटकापाशीच टेकायचे. तीही टेकायची, आणि खरं सांगायचं तर तिलाही बरंच वाटायचं. आता दोघं विहारापर्यंत जात आणि येताना एकदाच बसत. आडवं पडल्यावर दम लागू नये म्हणून गुरुजींनी दोघांनाही तीन-तीन उशा केल्या होत्या, आता एकेकच उरली. आपण माणूस मरणाच्या दारातून ओढून आणला, या विचारानं भागीरथाला आतून फार सुख वाटे.

एकच दुखणं राहिलं होतं. संध्याकाळी बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे दोघं पंचशील म्हणत. चौथ्या शीलाशी गुरुजींना नेमका खोकला येई आणि ते तिला एकटीलाच म्हणावं लागे. पाचव्याला ते पुन्हा येऊन मिळत. तिथंच यांचा श्वास कमी पडतो, म्हणून तिचा जीव तुटायचा. ज्या दिवशी गुरुजी पाचही शीलं सलग म्हणतील, त्या दिवशी आपण जिंकलो, असं तिनं मनाशी धरलं होतं.

आज तपासणी झाली आणि गुरुजी खाली गोळ्या आणायला गेले. नवी सिस्टर, किनवटकडची मीनल, फाईल घेऊन बाहेर आली.

"मावशी, लय सुधरलं हो! पयल्या वर्षी घरातल्या घरात चाललं तरी दम लागे, असं लिवलं हाय. आता पाहा!"

"मंग! मिठाचा खडा लागू देल्ला नाही म्या त्यायले."

"कोनाले?" मीनलनं पुन्हा फाईल पाहिली. "भागीरथाबाई दौलत. हृदय तं तुमचं कमजोर हाय ना मावशी? गुरुजीची आमच्याकडं फाईलच नाही."

भागीरथा बाकावर हात टेकून बसली. चार वर्षं अळणी वरण मागून मागून खाणारा माणूस तिच्या डोळ्यांपुढे आला. तिला रडूच फुटलं. पदरानं तिनं तोंड पुसलं, तोवर गुरुजी दोन-दोन पायऱ्या ओलांडत जिना चढून आले. ती दिसताच त्यांची चाल मंदावली आणि ते धापा टाकू लागले.

"काय म्हणे सिस्टर?"

"तुमाले लय आराम पडला म्हणे," भागीरथा म्हणाली. "पण पथ्य सोडाचं नाही. हळू चला."

संध्याकाळी तसबिरींपुढे मेणबत्ती लावून दोघं हात जोडून बसले. तीन शीलं झाली. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं. गुरुजींना खोकला आला आणि ते भागीरथाच्या आवाजाची वाट पाहू लागले.

भागीरथालाही खोकला आला.